क्रीम लावा, धूर टाळा : नॅनो कणांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सनस्क्रीनबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की त्यातलं झिंक ऑक्साइड बऱ्याचदा नॅनो साइजचं (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावं इतकं बारीक) असतं आणि असे कण लॅबमध्ये पेशींच्या डीएनएला इजा करताना दिसलेत. झालं! त्या एका ओळीवरून एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की बाकीचे विषय (केसगळती, आणि पुन्हा केसगळती) यावेळी बाजूलाच ठेवले. रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत सगळ्या इंदूरकरांना एकच धास्ती. नावं कोणाचीच छापत नाहीये, बिनधास्त वाचा.

प्रश्न : ताई, नात नेहरू स्टेडियमवर क्रिकेटला जाते, भर उन्हात असते. झिंकवालं पांढरं क्रीम मीच तिला आणून दिलं होतं. तुमचं वाचून सून म्हणते की फेकून द्या, डीएनए खराब होतो. काय करू? – एक आजी, लोकमान्य नगर

उत्तर : आजी, फेकू नका. सुनेचंही काही चुकलं नाही, एवढीशीच गोष्ट वाचली की भीती वाटणारच. लॅबमध्ये काय करतात तर पेशी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवतात आणि कण थेट त्यांच्या अंगावर टाकतात. तुमच्या नातीच्या जिवंत पेशींवर मात्र मेलेल्या पेशींचा एक थर आहे, चांगली धडधाकट त्वचा असेल तर झिंक किंवा टायटेनियमचे कण त्या थरातच अडकून राहतात आणि अंघोळीत निघून जातात. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये एक मजेशीर प्रयोग छापून आला होता, समुद्रकिनाऱ्यावर लोकांना झिंक-६८ हा वेगळा ओळखता येणारा प्रकार घातलेलं सनस्क्रीन सलग पाच दिवस लावायला दिलं आणि मग रक्त तपासलं, तर त्यातलं झिंक रक्तात सापडलं पण अगदी किंचित, शरीरात आधीच जेवढं झिंक असतं त्याच्यापुढे काहीच नाही. आणि ते अख्खा कण म्हणून गेलं की विरघळून गेलं हे त्या पद्धतीत कळत नाही.

दुसऱ्या बाजूला ऊन. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण डीएनएमधल्या शेजारच्या दोन थायमिनना (डीएनए ज्या चार बेसनी, म्हणजे चार अक्षरांनी लिहिलेला असतो त्यातलं एक) एकमेकांना चिकटवून टाकतात, हे लॅबमधलं 'कदाचित' नाही, रोज होतं. तर क्रीम लावाच, फक्त स्प्रे नको. युरोपात सुद्धा नॅनो झिंक आणि नॅनो टायटेनियम सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालतं, पण श्वासातून आत जाईल अशा स्प्रेमध्ये चालत नाही. ढोपर फुटलंय, सालपटं निघालीत तिथे लावू नका. टायटेनियमवालं असेल तर चांगल्या कंपन्या त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा लेप देतात, कारण उघडं टायटेनियम डायऑक्साइड (त्यातही ॲनाटेज नावाचा प्रकार) उन्हात स्वतःच रॅडिकल (समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढणारे तापट रेणू) तयार करायला लागतं. १९९७ मध्ये काही संशोधकांनी बाजारातल्या सनस्क्रीनमधून ते काढून, डीएनएसोबत उजेडात ठेवून हे दाखवलं होतं, त्यानंतर लेपाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

प्रश्न : मॅम, बी.एस्सी. सेकंड इयरला आहे. डीएनए न्यूक्लियसच्या आत बंद असतो, मग बाहेरून आलेला कण तिथपर्यंत पोचतो कसा? क्लासमध्ये 'आरओएस होतात' एवढं सांगून पुढचा टॉपिक सुरू झाला. – एक विद्यार्थिनी, भंवरकुआ

उत्तर : बेटा, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलास, कारण बहुतेक वेळा कण तिथे पोचतच नाही!

आधी मापं बघ. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. कण १ ते १०० नॅनोमीटरमधला कुठलाही. न्यूक्लियसच्या भिंतीला भोकं असतात पण साधारण दहाएक नॅनोमीटरपेक्षा मोठं काही त्यातून आपोआप आत सरकत नाही. तर ३०-४० नॅनोमीटरचा झिंक ऑक्साइडचा कण बाहेरच राहतो. त्याचं होतं काय, तर पेशी त्याला गिळते, पिशवीत गुंडाळते आणि ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या पचनघराला, नेऊन देते. लायसोसोमच्या आत पीएच साडेचार-पाच, म्हणजे चांगलं आंबट. बाहेर जो कण पाण्यात धड विरघळत नव्हता तो तिथे भसाभस विरघळतो आणि झिंकचे आयन (विजेचा भार असलेले सुटे अणू) एकदम भरपूर सुटतात. कॉपर ऑक्साइडचं पण हेच, फक्त कॉपर जास्त वाईट. नुसते आयन पेशीवर टाकले असते तर तिने बऱ्यापैकी बाहेरच रोखले असते, कण म्हणून आले त्यामुळे तिने स्वतःच घरात घेतले.

आता आरओएस, म्हणजे ऑक्सिजनचे तापट प्रकार. त्यातला सगळ्यात भयंकर हायड्रॉक्सिल रॅडिकल, पण तो नॅनोसेकंदभर जगतो आणि तेवढ्यात काही नॅनोमीटरच सरकतो. म्हणजे लायसोसोममध्ये जन्मला तर तिथेच कोणाशी तरी भांडून संपणार, न्यूक्लियसपर्यंत येणार नाही. परीक्षेत हे लिही, फार कोणी लिहीत नाही. मग पोचतं काय? हायड्रोजन पेरॉक्साइड. तो शांत आहे, लांब जातो, पडद्यांमधून पार होतो, आणि डीएनएच्या अगदी जवळ जिथे लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन चिकटलेले असतात तिथे त्याच्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हीच ती फेंटन रिॲक्शन, लोखंड आणि पेरॉक्साइडची ही जोडी फेंटनने १८९४ मध्ये मांडली तेव्हा डीएनएचा आकार सुद्धा कोणाला माहीत नव्हता.

रॅडिकलला सगळ्यात आधी सापडतं ग्वानिन, कारण चार बेसमध्ये इलेक्ट्रॉन सोडायला तेच सगळ्यात सोपं. ते होतं ८-ऑक्सोग्वानिन. दिसायला फारसा फरक नाही पण कॉपी करताना ते सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवतं, आणि पुढच्या वेळेपर्यंत जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) जोडीची जागा टी-ए (थायमिन-ॲडेनिन) ने घेतलेली असते, म्हणजे म्युटेशन पक्कं. याशिवाय साखर-फॉस्फेटची कडी तुटते. एक बाजू तुटली तर दुरुस्त होते, दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळच तुटल्या तर त्रास. दुरुस्ती होत नाही असं समजू नकोस हं, पेशीत रोज हजारोंनी असे बिघाड आपलेआप होतच असतात आणि ओजीजी१ सारखी एन्झाइम ते खराब ग्वानिन कापून काढतात. या दुरुस्तीवरच २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना मिळालं. प्रश्न बिघाडाचा कमी आणि बिघाड दुरुस्तीच्या पुढे पळतो का याचा जास्त आहे. आणि काही धातू, निकेल, कोबाल्ट, कॅडमियम, दुरुस्ती करणाऱ्या प्रोटीनमधल्या झिंकच्या जागेतच घुसतात, म्हणजे मोडतोडही होते आणि मिस्त्रीही सुट्टीवर.

थेट भेट कधी होते? पेशी विभागताना न्यूक्लियसचा पडदा काही वेळ विरघळतो, तेव्हा आत अडकलेला कण क्रोमोसोमच्या (डीएनएच्या गुंडाळ्यांच्या) शेजारी येऊ शकतो, किंवा त्यांना ओढणाऱ्या दोऱ्यांच्या मध्ये येतो आणि वाटणी चुकते. आणि डीएनएच्या फॉस्फेटला टायटेनियम, सिरियम, लोखंड यांच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग आवडतो, टेस्टट्यूबमध्ये डीएनए अशा कणांवर मस्त चिकटतो, साधं फॉस्फेट बफर घातलं की जागेसाठी मारामारी होऊन सुटतो. पण टेस्टट्यूब म्हणजे पेशी नाही. पेशीत शिरण्याआधीच कणावर प्रोटीनचा थर चढलेला असतो.

तिसरा रस्ता म्हणजे कण स्वतः काहीच करत नाही. फुप्फुसात कण बसला की मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी, त्याला गिळायला येतात, पचत नाही, मग चिडून स्वतःच आरओएस सोडतात, आणि शेजारच्या निरपराध पेशींचा डीएनए मार खातो. डिशमध्ये एकाच जातीच्या पेशी असतात त्यामुळे हा प्रकार तिथे दिसतच नाही.

हे सगळं मोजतात कसं तेही बघून घे, कॉमेट टेस्ट. पेशी ॲगारोजच्या जेलीत मिसळून स्लाइडवर पसरतात, मग डिटर्जंट आणि मीठ घालून पेशीचं बाकी सगळं धुऊन टाकतात, उरतो फक्त डीएनए. अल्कलीत ठेवून करंट देतात. लोकरीचा गुंडा अखंड असेल तर ओढला तरी जागचा हलत नाही, आत धागे तुटलेले असले की टोकं ओढली जातात, तसंच. चमकणारा रंग घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं की गोल डोकं आणि मागे धुरकट शेपूट, अगदी धूमकेतू. शेपूट जितकं लांब आणि भरलेलं तितकी मोडतोड जास्त. ही अल्कलीवाली पद्धत १९८८ मध्ये एन. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणली. नॅनो कणांच्या बाबतीत एक भानगड आहे, कण धुतला गेला नाही तर तो स्लाइडवरच नागड्या डीएनएला तोडू शकतो, टायटेनियम असेल आणि रूममध्ये ट्यूबलाइट लख्ख चालू असेल तर जास्तच. म्हणून पेपर वाचताना 'अंधारात केलं का' हे बघायचं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने बरेच ऑक्साइड एकाच फुप्फुसाच्या पेशींवर तपासले त्यात कॉपर ऑक्साइड सगळ्यात घातक निघालं, लोखंडाचं बरंच सौम्य. आपल्या लखनौच्या विषविज्ञान संस्थेतही झिंक ऑक्साइडवर माणसाच्या त्वचेच्या पेशींमध्ये असं काम झालंय, तुला प्रोजेक्टला उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, सांवेर रोडला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, गेट, ग्रिल, जीआय पाइपचे शेड. जीआयवर जास्त काम केलं की पोरांना रात्री ताप भरतो, सकाळी ठीक. आम्ही गूळ आणि दूध देतो. यात पण नॅनोचा लफडा आहे का? – एक वाचक

उत्तर : दादा, सगळ्या पत्रांत खरी काळजी मला तुमच्या पत्राची वाटली. सनस्क्रीनवाल्यांनी जेवढं घाबरून घेतलंय त्यातलं अर्धं तुम्ही घ्या.

जीआय म्हणजे वर जस्ताचा, म्हणजे झिंकचाच, थर. आर्क लागला की लोखंड वितळायच्या आधी जस्ताची वाफ होते, ती हवेत येता येता जळून झिंक ऑक्साइड बनते, तो जो पांढरा दाट धूर निघतो आणि नंतर कापसासारखे पांढरे पापुद्रे टाक्याच्या आजूबाजूला, बाहीवर, मिशीवर सुद्धा बसतात ना, तेच ते. सुटे कण शंभर नॅनोमीटरच्या आतले, आपसात चिकटून साखळ्या होतात तरी फुप्फुसाच्या तळापर्यंत जायला पुरेसे बारीक. काम करतानाच तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येते, ४ ते १० तासांनी थंडी वाजून ताप, अंग मोडून येतं, आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. मलेरिया समजून गोळ्या घेणारे कितीतरी असतील. रोज काम केलं की शरीर थोडं सरावतं, रविवारी सुट्टी झाली की सराव जातो आणि सोमवारी पुन्हा ताप, म्हणून जुन्या कारखान्यांत याला सोमवारचा ताप म्हणायचे. सराव झाला म्हणजे बरं झालं असं नाही, धूर तेवढाच जातोय.

हा ताप म्हणजे फुप्फुसातली सूज, डीएनएचं काम वेगळं आणि ते गुपचूप चालतं, त्याला ताप येत नाही. वेल्डिंगच्या धुरात लोखंड, मँगनीज यांची ऑक्साइडं असतात, आणि तुम्ही स्टीलच्या रेलिंगची कामं घेत असाल (हल्ली सगळ्यांना जिन्याला स्टीलच हवं) तर क्रोमियम आणि निकेल. सहा संयुजेचं क्रोमियम तर पेशीला तिला लागणाऱ्या सल्फेटसारखं दिसतं, त्यामुळे ती त्याला दरवाजा उघडून आत घेते, आत ते बदलतं आणि बदलता बदलता डीएनएलाच चिकटून बसतं. वेल्डरांच्या लघवीत ते खराब झालेलं ग्वानिन जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे पक्कं असलेल्यांमध्ये.

गुळाचं म्हणाल तर हसण्यासारखं नाहीये, लखनौच्या त्याच संस्थेने १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग छापला होता, गूळ दिलेल्यांच्या फुप्फुसातून कोळशाची आणि सिलिकाची धूळ जास्त बाहेर सरकलेली दिसली. पण ते उंदीर होते आणि ती धूळ होती, जस्ताचा धूर नाही. गूळ द्या, पोरं खूश राहतील, पण गूळ दिला म्हणून मास्क नाही असा हिशोब करू नका. दूध तर पोटात जातं, धूर फुप्फुसात, दोघांची भेटच होत नाही.

करायचं काय तर टाका मारायच्या आधी दोन्ही बाजूंनी इंच-दोन इंच जस्त ग्राइंडरने काढून टाका (तेव्हाही मास्क लावूनच). शेडच्या आत कोपऱ्यात बसून नको, शटरच्या तोंडाशी या, आणि पंखा पोराच्या पाठीमागून असा ठेवा की धूर त्याच्या चेहऱ्यावरून नाही, बाजूने निघेल, जमलं तर टाक्याजवळून ओढणारा एक्झॉस्ट घ्या. तोंडाला बांधलेला गमछा या धुराला काही म्हणजे काही अडवत नाही, हेल्मेटच्या काचेनेही धूर अडत नाही, आत नीट बसणारा एन-९५ किंवा त्याच्या वरचा मास्क लागतो. दाढी असेल तर मास्क बसत नाही, हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, तरी सांगते. आणि ताप ४८ तासांत उतरला नाही किंवा दम लागायला लागला तर घरी बसू नका, डॉक्टरला 'जीआयवर वेल्डिंग केलं' हे स्वतःहून सांगा, नाहीतर ते विचारणार नाहीत.

प्रश्न : च्युइंगगम आणि पांढऱ्या गोळ्यांमध्ये टायटेनियम असतं असं मुलगा म्हणतो, युरोपात बंद केलंय तर आपल्याकडे का विकतात? – एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. ई १७१ म्हणजे पांढरा रंग देणारं टायटेनियम डायऑक्साइड, त्यातले संख्येने निम्म्यापर्यंत कण नॅनो असू शकतात. फ्रान्सने २०२० मध्ये खाण्यातून काढलं, मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं की याने डीएनएला इजा होत नाही असं आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही म्हणून सुरक्षित मानणार नाही, आणि २०२२ मध्ये तिथे बंदी आली. नीट वाचा, 'इजा होते हे सिद्ध झालं' असं त्या संस्थेने म्हटलेलं नाही. पोटातून रक्तात फारच थोडं जातं, पण जे जातं ते निघायला वेळ लावतं, साचतं. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत अजून चालतं आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये पुन्हा तपासून ठीक म्हटलं. आपल्याकडेही परवानगी आहे. माझं मत विचाराल तर नुसत्या पांढरेपणासाठी घातलेली गोष्ट मुलाने नाही खाल्ली तर काय बिघडलं? पाकिटावर १७१ दिसलं तर ठेवून द्या. पण औषधाच्या गोळीच्या लेपात दिसलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका, युरोपातही औषधात अजून आहे.

प्रश्न : यशद भस्म घेतो. ते पण नॅनो झिंकच ना? – एक वाचक, तिलक नगर

उत्तर : हो, मुख्यतः झिंक ऑक्साइडच, आणि बारीक कणही असतात. पण पोटातल्या ॲसिडमध्ये झिंक ऑक्साइड पटकन विरघळतं, मग नॅनो होतं की जाड होतं याला फार अर्थ उरत नाही, उरतं झिंक. तुमचे खरे प्रश्न दोन, मात्रा आणि शुद्धता. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक बरेच दिवस गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली त्यात २१ टक्क्यांच्या आसपास शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तर वैद्यांना विचारून, लेबल आणि बॅच नंबर असलेलंच घ्या, ओळखीच्या बाबांकडची पुडी नको.

प्रश्न : मुलीला सातव्या महिन्यात आयर्न सुक्रोजची ड्रिप लावली. ते पण लोखंडाचे नॅनो कणच असं नेटवर वाचलं आणि झोप उडाली. बाळाच्या डीएनएचं काय? – एक आई, स्नेहलतागंज

उत्तर : ताई, झोपा निवांत. आत लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा बारीक गाभा असतो हे खरं, पण भोवती सुक्रोजचं आवरण असतं ते त्याच्यासाठीच, की लोखंड एकदम उघडं पडू नये, हळूहळू सुटावं आणि शरीराच्या लोखंड वाहून नेणाऱ्या प्रोटीनच्या हातात जावं. एवढंच कशाला, तुमच्या-माझ्या लिव्हरमध्ये फेरिटिन नावाचं प्रोटीन आहे, बाहेरून १२ नॅनोमीटरचा पोकळ गोळा आणि आत लोखंडाच्या ऑक्साइडचा कण, साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. रिपोर्टवर 'सीरम फेरिटिन' म्हणून येतं तेच. म्हणजे आपण सगळे पोटात नॅनो आयर्न घेऊनच फिरतोय, फक्त डब्यात झाकून. त्रास उघड्या लोखंडाचा. आणि हिमोग्लोबिन कमी राहिलं तर आई आणि बाळ दोघांना धोका आहे, त्याला लॅबच्या डिशची गरज नाही. ड्रिप दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्या, ते तशीच देतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीला बाहेरून नॅनो टायटेनियमवाला सेल्फ क्लीनिंग पेंट विकायला एक जण आलाय, ब्रोशरवर 'एम्स टेस्ट निगेटिव्ह, डीएनए सेफ' लिहिलंय. अध्यक्ष म्हणतात दिल्लीच्या एम्सने पास केलंय. – सोसायटीचे सेक्रेटरी, राजेंद्र नगर

उत्तर : अध्यक्षांना सांगा की दिल्लीच्या एम्सचा याच्याशी संबंध नाही, ही ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाची १९७० च्या दशकातली टेस्ट, साल्मोनेला जीवाणूंवर करतात. साध्या केमिकलसाठी उत्तम. पण जीवाणूला भोवती भिंत असते आणि आपल्या पेशींसारखं गिळून घेणं त्याला येत नाही, कण आतच गेला नाही तर टेस्ट निगेटिव्हच येणार! म्हणून नॅनोसाठी नुसती ही टेस्ट पुरेशी धरत नाहीत, प्राण्यांच्या किंवा माणसाच्या पेशींवर मायक्रोन्यूक्लियस (न्यूक्लियसबाहेर सुटून राहिलेले डीएनएचे तुकडे मोजणारी टेस्ट) किंवा कॉमेट मागतात.

पेंट वाळला की कण आत घट्ट बसलेले असतात, भिंतीकडे बघून कोणाला काही होणार नाही. धोका स्प्रे मारताना आणि पाच-सात वर्षांनी तो घासून काढताना, आणि तो सोसायटीवाल्यांना नाही, झोक्यावर लटकलेल्या पेंटरला. शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आणायच्या उत्साहात आपण हे विसरतो. तर ब्रोशरवाल्याला दोनच गोष्टी विचारा, मायक्रोन्यूक्लियसचा रिपोर्ट आहे का, आणि रोलरने लावून देणार की स्प्रेने. स्प्रे म्हणाला तर पेंटरांचे मास्क कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्या.